विंझरच्या कोनाड्यातला चार वेगांचा प्लेअर

विंझरच्या आमच्या घरातल्या प्लेअरवर वेग बदलायची एक काळी खुंटी आहे. तिच्याभोवती चार आकडे कोरलेत: 16, 33, 45, 78. आज दुकानात हाय-फाय म्हणून जी टर्नटेबलं मांडलेली असतात, त्यांतल्या बहुतेकांवर यातले दोनच आकडे सापडतात, 33 आणि 45. जुना प्लेअर ठेवायचा की काढून टाकून नवं, भारी टर्नटेबल आणायचं, हा प्रश्न रेकॉर्डी जपणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. आमच्याकडे तो यंदा आला, आणि उत्तर शोधताना मी या दोन गायब आकड्यांपाशी येऊन थांबलो.

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना मार्गासनीच्या पुढे विंझर लागतं. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हंच आहे. घर जुन्या बांधणीचं, दगडी भिंतींचं. थोरले काका मुंबईत नोकरीला होते, प्लेअर त्यांनी आणलेला. सोबत दोन पेट्या रेकॉर्डी. एका पेटीत लाखेच्या जाड, जड तबकड्या: बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर. दुसरीत एलपी: भीमसेन जोशी, अमीर खाँ, बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजातलं गीतरामायण. पुण्यात राहणाऱ्या चुलतभावाचं म्हणणं, हे सगळं चांगल्या मशिनवर ऐकायला हवं, जुनं खोकं काढून टाकू. काकूंचं म्हणणं एवढंच, “वाजतोय ना तो? मग त्याला हाकलायची घाई कशाला?” दोघांचंही म्हणणं मला पटत होतं, आणि म्हणूनच नीट चौकशी करावीशी वाटली.

अशा चौकशीत लोक पहिल्यांदा मशिनबद्दल बोलतात. पट्ट्यावर चालणारं बरं की थेट मोटारीवरचं, ताटली किती किलोची, सुईचा दांडा, म्हणजे टोनआर्म, कुठल्या धातूचा. माझ्या मते हे सगळं नंतरचं. आधी पेट्या उघडून आत काय आहे ते बघावं, कारण कुठलं मशिन लागेल ते रेकॉर्डीच सांगतात.

लाखेच्या तबकडीपासूनच सुरुवात करू. भारतात ध्वनिमुद्रणाचा पहिला मोठा दौरा फ्रेड गायझबर्गने 1902 मध्ये कलकत्त्यात केला. गौहरजानचा आवाज तेव्हा तबकडीवर आला. पुढची पन्नासेक वर्षं आपल्याकडचं जवळजवळ सगळं संगीत याच तबकड्यांवर राहिलं. मिनिटाला 78 फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. नाट्यपदं, भावगीतं, पोवाडे, लावण्या, सगळं त्या तीन मिनिटांत बसवलेलं. ख्याल गाणाऱ्यांना तर आलाप-तानांचा अख्खा पसारा आवरून रागाचा अर्क तेवढा ठेवावा लागे. या तबकड्या लाखेत दगडाची बारीक भुकटी मिसळून दाबलेल्या असत. त्या खरखरीत असाव्यात अशीच योजना होती, कारण ग्रामोफोनची पोलादी पिन तबकडीच्या खाचेत घासली जाऊन पहिल्या काही फेऱ्यांतच खाचेच्या मापाची व्हायची. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची. जुन्या बाजारात मिळणाऱ्या कितीतरी तबकड्या करड्या पडलेल्या दिसतात, त्या एकच पिन महिनोन्‌महिने वापरणाऱ्या घरांतल्या.

एलपी 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने आणली. मिनिटाला 33⅓ फेरे, बारीक खाच, प्लॅस्टिकची गुळगुळीत तबकडी आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. आपल्या संगीतासाठी हा बदल केवढा मोठा होता, हे एच.एम.व्ही.च्या मुंबई कचेरीत अनेक वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम बघणाऱ्या ग. ना. जोशींच्या आठवणींतून कळतं. स्वतः भावगीत गायक असलेल्या या माणसाने एकेका बुजुर्गाला मनवून स्टुडिओत आणलं. अमीर खाँसाहेबांच्या एलपीच्या एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. तो मारवा ज्या संथपणे उलगडतो, ते तीन मिनिटांच्या तबकडीवर होणं शक्यच नव्हतं. विंझरला पावसाची झड लागली की आम्ही हीच बाजू लावतो.

तर घरात दोन प्रकारच्या रेकॉर्डी, आणि दोघींच्या खाचा वेगळ्या. 78च्या खाचेला लागणाऱ्या सुईचं टोक एलपीच्या सुईच्या साधारण चौपट रुंद असतं. एलपीची बारीक सुई 78वर ठेवली तर ती खाचेच्या तळाशी जाऊन पडते, तिथली धूळ-खडी उकरत राहते. आवाज खरखरीत येतो आणि सुईही जाते. उलट 78ची जाड सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेच्या कडांवर बसते आणि त्या कायमच्या खराब करते. जुन्या चार वेगांच्या प्लेअरमध्ये यावर एक सोपी युक्ती असायची. टोनआर्मच्या पुढे छोटी दांडी, ती फिरवली की सुई उलटते, एका अंगाला 78ची, दुसऱ्या अंगाला एलपीची. ही दांडी फिरवायला विसरणं हा घरोघरीचा प्रमाद. आमच्या गीतरामायणाच्या काही बाजू फुटक्या आवाजात का वाजतात, याचं उत्तर बहुधा तिथंच आहे.

आता नवं टर्नटेबल घेऊन जुनं काढलं तर काय होईल? ज्यावर 78 नाही असं मशिन आलं, तर पहिली पेटी त्या दिवशीच मुकी होईल. बालगंधर्व गेले, हिराबाई गेल्या. ज्यांच्याकडे फक्त एलपी आहेत किंवा जे आत्ताआत्ता निघणाऱ्या नव्या रेकॉर्डी घेतात, त्यांना हा प्रश्न नाही. त्यांनी खुशाल नवं घ्यावं. पण मराठी घरांतल्या जुन्या संग्रहांत 78चा वाटा फार मोठा असतो, आणि त्यातलं कितीतरी पुढे एलपीवर आलंच नाही. मुंबईत 1990 मध्ये सुरेश चांदवणकरांनी उभी केलेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचं नियतकालिक ‘द रेकॉर्ड न्यूज’ यांनी या तबकड्यांच्या याद्या, लेबलं, गायकांची माहिती चिकाटीने जमवली. ते काम बघितलं की घरातल्या एखाद्या तबकडीची प्रत किती थोड्या ठिकाणी उरलेली असू शकते, याची जाणीव होते.

खुंटीवरच्या 16 या आकड्याकडे मात्र मी लहानपणापासून कुतूहलाने बघत आलोय. त्या वेगाची एकही रेकॉर्ड आमच्या घरात नाही. हा वेग मुख्यतः बोललेल्या मजकुरासाठी वापरला गेला आणि लवकरच मागे पडला. पण 1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर यानं अवकाशात सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी बसवली, ती मिनिटाला 16⅔ फेऱ्यांचीच आहे. एक फेरा 3.6 सेकंदांचा. सोबत सुई धरणारी कार्ट्रिज आणि सुईही पाठवली आहे, आणि ती कशी लावायची याच्या खुणा वरच्या झाकणावर कोरल्या आहेत. त्या तबकडीवर भारतातून गेलेला आवाज गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंचा, भैरवीतली ‘जात कहाँ हो’. यानं निघाली ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि त्याच सप्टेंबरच्या 16 तारखेला केसरबाई गेल्या. ज्यांनी ती तबकडी पाठवली त्यांनी सुई कुठली, वेग किती, हे तिच्याबरोबरच कळवून ठेवलं. आपण घरात वारसा म्हणून रेकॉर्डी देतो, त्यांच्यासोबत एवढी दोन ओळींची माहितीसुद्धा देत नाही, याचं मला वाईट वाटतं. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला तरी पुरे.

एवढं सगळं जुन्या प्लेअरच्या बाजूचं. त्याच्या विरुद्ध जे आहे तेही तितकंच खरं आहे.

चार वेगांच्या जुन्या घरगुती प्लेअरांत सिरॅमिक कार्ट्रिज असायची. ती खाचेवर चार-सहा ग्रॅम वजन टाकते. आजची साधी चुंबकीय कार्ट्रिज दीड-दोन ग्रॅमवर चालते. शिवाय जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई आडवी हलते, वरखाली फारशी हलत नाही. स्टिरिओ एलपीच्या खाचेत आवाज दोन्ही दिशांनी कोरलेला असतो, तिथे ही ताठ सुई खाचेला खरवडत जाते. सुई नीलमणी दगडाची असेल तर ती फार लवकर झिजते. हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तास टिकते, म्हणजे रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकली तर दोनेक वर्षांनी तिच्याकडे बघायलाच हवं. आमच्या प्लेअरमधली सुई कधी बदलली हे घरात कुणालाच आठवेना. एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर जवळपास अर्धा किलोमीटर भरेल. तेवढ्या वाटेवर झिजलेली सुई दर वेळी थोडं थोडं गाणं खरवडून नेते, आणि ते पुन्हा भरून येत नाही. काकूंच्या ‘वाजतोय ना’ला माझं उत्तर हेच होतं. वाजतोय, पण एलपींच्या जिवावर.

मग जुन्याच आर्मला नवी नाजूक कार्ट्रिज लावली तर? मलाही आधी तेच वाटलं होतं. पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारे जुने कारागीर अजून आहेत. त्यांच्याकडे बसलं की कळतं की हे तितकं सरळ नाही. जुन्या प्लेअरचा आर्म जड, त्याचे सांधे सैल किंवा घट्ट. शिवाय रेकॉर्ड संपली की आर्म आपोआप उचलणारी जी यंत्रणा असते, ती शेवटच्या फेऱ्यांत आर्मला मागे ओढते. दीड ग्रॅमवर चालणारी कार्ट्रिज तिथे उड्या मारेल. शिवाय सिरॅमिकचा आवाज थेट अँप्लिफायरला पुरतो, चुंबकीय कार्ट्रिजमधून तीन-पाच मिलिव्होल्टच निघतात, त्यांना आधी शंभरपट वाढवून मंद्र-तार यांचा तोल सावरणारी वेगळी पायरी लागते. म्हणजे एक भाग बदलायला गेलं की तीन बदलावे लागतात. अशा वेळी तो पैसा एलपीसाठीच्या वेगळ्या, साध्या पण नीट टर्नटेबलात घालणं शहाणपणाचं.

विंझरसारख्या ठिकाणी आणखी एक शंका हटकून पुढे येते: गावातल्या विजेवर हे चालणार कसं? हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला, कारण यात गावाचा दोष समजला जातो तो गावाचा नाहीच. पट्ट्यावर चालणाऱ्या कितीतरी टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटार असते. तिचा वेग व्होल्टेजवर ठरत नाही, विजेच्या वारंवारतेवर, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं या हिशेबावर ठरतो. व्होल्टेज गावोगाव वेगळं असतं. वारंवारता मात्र जोडलेल्या सगळ्या जाळ्यात एकच. विंझरला 49 असेल तर मुंबईच्या मलबार हिललाही 49च. 2013च्या 31 डिसेंबरला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, तेव्हापासून तर काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत अशा सगळ्या मोटारी एका तालात फिरतात.

पूर्वी हा ताल चांगलाच ढळायचा. 1990च्या दशकात पश्चिमेच्या जाळ्यात संध्याकाळी भार वाढला की वारंवारता 48.5 पर्यंत आणि त्याखालीही उतरायची. 50 वरून 48.5 म्हणजे तीन टक्के. षड्ज आणि कोमल रिषभ यांच्यातलं अंतर साधारण सहा टक्क्यांचं, म्हणजे त्याच्या निम्म्याने अख्खं गाणं खाली. साथीला तानपुरा किंवा पेटी धरणाऱ्याला ते लगेच खुपायचं, रेकॉर्ड कुठल्याच पट्टीत बसायची नाही. लोक प्लेअरला दोष द्यायचे. गंमत म्हणजे ट्यूबलाइटखाली धरायच्या ठिपक्यांच्या चकतीने वेग तपासला तरी ठिपके स्थिर दिसायचे, कारण दिवाही त्याच ढळलेल्या विजेवर लुकलुकत असे. मापकच चुकलेला, मग चूक पकडणार कोण? जुलै 2002 पासून पश्चिम विभागात वारंवारता बिघडवणाऱ्याला जादा पैसे मोजायला लावणारी दरपद्धत आली आणि चित्र पालटलं. आता ती 49.90 ते 50.05च्या पट्ट्यात राखणं अपेक्षित असतं. एवढा फरक कानाला कळत नाही. तेव्हा ‘वेग स्थिर राहावा’ एवढ्याच कारणासाठी महागडं मशिन घ्यायची गरज पूर्वीइतकी उरलेली नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर प्लेअर लावू नये, हे मात्र सांगतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज खडबडीत असते, मोटार त्यावर गुरगुरते आणि ती गुरगुर थेट सुईत उतरते.

विजेपेक्षा विंझरला खरा शत्रू ओल. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, कपाटातले कपडे कुबट होतात. प्लॅस्टिकच्या तबकडीला ओलीने काही होत नाही, पण कागदी पाकिटाला बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. पावसाळ्यानंतर सगळ्या रेकॉर्डी धुवायला लागतात. एलपीला शुद्ध पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लावू नये, लाख त्यात विरघळते. चांगल्या हेतूने स्पिरिटचा बोळा फिरवून बालगंधर्वांची तबकडी पुसट करणारी माणसं मला माहीत आहेत. उन्हाळ्यात पेट्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नयेत, आणि रेकॉर्डी कायम उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत.

जागेचं म्हणाल तर इथे आमच्या घराने शहरातल्या फ्लॅटांना मागे टाकलंय. टर्नटेबलाला हादरा चालत नाही. त्यासाठी लोक वाळूने भरलेले स्टँड, ग्रॅनाइटच्या लाद्या, भिंतीवर ठोकायच्या खास फळ्या विकत घेतात. आमच्याकडे दोन हात जाडीच्या भिंतीत कोनाडा आहे. त्यात पाणसळ लावून पाया सपाट करून घेतला, प्लेअर बसवला, आणि माडीवर पोरं उड्या मारू लागली तरी सुई हलत नाही. पैसे खर्च न करता झालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा.

जगभरात रेकॉर्डींना पुन्हा बरे दिवस आलेत, हे आता बातमी म्हणून जुनं झालं. 2022 मध्ये अमेरिकेत 1987 नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा जास्त रेकॉर्डी विकल्या गेल्या, 4 कोटी 10 लाखांच्या आसपास. नवी मुंबईत 2024 मध्ये रेकॉर्ड दाबण्याचा कारखाना सुरू झाला, एच.एम.व्ही.च्या डमडमच्या कारखान्याचं काम थांबून कितीतरी वर्षं लोटल्यावर. या लाटेबरोबर दरवर्षी नवं मॉडेल घ्या म्हणणारा बाजारही आलाय. त्या बाजाराला स्कॉटलंडच्या लिन कंपनीचं एक जुनं टर्नटेबल छान उत्तर देतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीचं सोंडेक एलपी12 अजून बनतं, आणि तेव्हा घेतलेल्या मशिनला आज निघालेलं बेअरिंग बसतं. पन्नास वर्षांत माणसाने एकेक भाग बदलत जावं, सांगाडा तोच. किंमत आपल्या आवाक्याबाहेरची असली तरी रीत घेण्यासारखी आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम95 मालिकेत हीच सोय स्वस्तात मिळते. कार्ट्रिजचं अंग एकच, सुया वेगवेगळ्या, त्यात 78ची जाड सुईही आहे.

जुना प्लेअर काढायची वेळ खरंच येते तीही सांगतो. ताटलीचा आस हाताने हलवल्यावर खडखडला, आर्मच्या सांध्यात लचक आली, किंवा मोटार आणि ताटली यांच्यामधलं रबरी चाक एका जागी चपटं होऊन प्रत्येक फेऱ्याला ठोका देऊ लागलं आणि तसं चाक कुठेच मिळेना, तर माया आवरावी. पहिल्या दोन गोष्टींना उपाय नसतो. तिसरीला कारागीर भेटला तर असतो. चाक चपटं होऊ नये म्हणून प्लेअर बंद करताना खुंटी मधल्या, मोकळ्या जागी ठेवावी. हे एक पथ्य काकांनी न चुकता पाळलं होतं, म्हणून आमचं चाक अजून गोल आहे.

तर आमच्याकडे ठरलं ते असं. जुना प्लेअर राहणार, फक्त लाखेच्या तबकड्यांसाठी. त्याच्या आसाला तेलाचे दोन थेंब, वायरी नव्या, सिरॅमिक कार्ट्रिजला 78ची नवी हिऱ्याची सुई. तेवढं वजन त्या दगडी खाचांना सोसतं. एलपी त्याच्यावर पुन्हा कधीच ठेवायच्या नाहीत. चुलतभाऊ मुख्यतः एलपींसाठी नवं टर्नटेबल घेणार आहे, आणि त्याला माझी एकच अट आहे: त्यावर 78 हवा आणि वेग थोडा कमी-जास्त करायची सोय हवी. टेक्निक्सच्या 2019च्या एसएल-1200 एमके7वर दोन्ही आहे. वेग जुळवून घ्यावा लागणाऱ्या तबकड्या त्यावरच लावायच्या, कारण 78 हा आकडा लेबलावर असला तरी जुनी ध्वनिमुद्रणं नेमकी त्याच वेगाने झालेली नसत, काही 74-75ने, काही 80च्या पुढे. गायिकेचा आवाज पोरकट किंवा घोगरा वाटला की समजावं, वेग चुकतोय. तेव्हा शेजारी पेटी घेऊन बसायचं, गाणारी व्यक्ती साधारण कुठल्या पट्टीत गायची ते इतर तबकड्यांवरून ताडायचं, तबकडीतल्या पेटीचा सूर आपल्या पेटीशी जुळेपर्यंत वेग सरकवत न्यायचा आणि जुळलेला वेग पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवायचा. हिराबाईंच्या तबकड्यांपासून आम्ही सुरुवात करणार आहोत.